माझी बाटली, तुझं नाव

३ फेब्रुवारी

दादा,

पुढे 'साष्टांग नमस्कार' लिहायची हाताला सवय आहे, पण आज हात तेवढा वाकत नाहीये. नुसतं दादाच घे.

फोन करू नकोस. फोनवर तू मधेच बोलतोस, मग काहीतरी बोलून हसवतोस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही.

परवा वहिनी आली होती. तुला न सांगता आली होती, आणि त्यावरून तिला एक शब्द बोललास तर याद राख. मी नुकतं दुकान उघडून इस्त्री तापायला लावली होती. ती आत आली, धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, तू गेलास. तुझ्या घरी धावायला मी चप्पल शोधायला लागले. आता तेवढी धावणार नाही, निश्चिंत राहा.

"यांच्या किडन्या गेल्यात हो," म्हणाली. "तीन वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलंय. मी काय परकी आहे का?"

तुझ्या निवृत्तीच्या कागदांसाठी ती तुझी पत्र्याची पेटी उपसत होती. जुन्या गणवेशाच्या कोटात, आतल्या खिशात, चार घड्या घातलेला एक कागद मिळाला. तो तिने माझ्या हातात दिला. वर तुझं नाव, तुझा बिल्ला नंबर, तुझं वय. खाली छापलेलं: लघवीत प्रोटीन, तीन प्लस. आणि त्याखाली डॉक्टरच्या हाताने: आठ दिवसांत पुन्हा नमुना द्यावा, किडनीच्या डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

मी वाचलं. मलाही वाटलं, अरे देवा, दादाच्या किडन्या. मग तारीख वाचली. बारा मार्च, तीन वर्षांपूर्वीची.

दादा, बारा मार्चला सकाळी पावणेसातला तुझी बस माझ्या दुकानासमोरच्या थांब्यावर उभी होती. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, रबर लावलेली बाटली तुझ्या खिडकीतून आत दिली होती. तू म्हणालास, "कोमट आहे गं अजून, ताजा माल." कंडक्टर फिदीफिदी हसला होता. मीही हसले होते, मूर्खासारखी.

वाचता वाचता हातातली तापलेली इस्त्री कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर टेकली ती तशीच राहिली. सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीचा आख्खा तळवा उमटलाय, तपकिरी. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून कापड जळलं.

वहिनी विचारत होती, "कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं यांना?" मी म्हटलं, "वहिनी, रडू नका. नाव दादाचं आहे, लघवी माझी आहे."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरने तुला साखर सीमेवर आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून आगाराच्या दरवर्षीच्या तपासणीला तू माझी बाटली नेतोस, हे मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. हो, हसली. मग कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्याच मार्च महिन्यात तू मला म्हणालास, "आता बाटली लागत नाही. नियम बदलला, फक्त डोळे तपासतात." त्याच महिन्यात तू दुसरा मार्ग मागून घेतलास. इकडच्या रस्त्याला खड्डे फार, म्हणालास. मी लोकांना सांगत राहिले, आमच्या दादाची कंबर दुखते, म्हणून तो या मार्गावर येत नाही.

तुझी कंबर दुखत नव्हती. तुला माझं तोंड बघवत नव्हतं.

कागद माझ्याकडे आहे.

इस्त्रीवाली

९ फेब्रुवारी

दादा,

सात फोन. एकही उचलला नाही, उचलणारही नाही. मग वहिनीकरवी निरोप: "तिला म्हणावं, लॅबवाल्यांचं चुकलं असेल. दुसऱ्या वेळी सगळं साफ आलं होतं."

दुसऱ्या वेळी कुणाची बाटली होती रे? कंडक्टरची ना? वहिनीने त्याच्या बायकोला गाठून विचारलं. ती बिचारी भोळी, म्हणाली, "हो, आमचे हे तीन वर्षं देतायत, काय झालं?" म्हणजे माझी बाटली खराब निघाली म्हटल्यावर तू आठ दिवसांत बाटली बदललीस. बहीण तशीच राहू दिलीस.

आता माझं ऐक. मी तपासून आले. शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त दिलं, लघवी दिली, पोटाचा फोटो काढला. माझ्या किडन्यांची गाळायची ताकद शंभरातली एक्केचाळीस उरलीय. एक्केचाळीस! त्यांनी विचारलं, "साखर सीमेवर आहे, हे कधीपासून माहीत आहे?" म्हटलं, सहा वर्षं. "मग दरवर्षी लघवी तपासत नव्हता का?"

काय सांगू मी त्यांना? तपासत होते की! आगारात तपासत होते, तुझ्या नावाने. सहा वर्षांपूर्वी मला साखर सीमेवर निघाली तेव्हा मी तुलाच विचारलं होतं, आठवतं? लघवीची तपासणी करून घेऊ का, म्हणून. तू खिडकीतून मान बाहेर काढून म्हणालास, "तुला कशाला खर्च? तुझी तपासणी माझ्याकडून होतेच की फुकटात. काही असतं तर सांगितलं नसतं का? सोनं आहे तुझं, सोनं!" दरवर्षी तपासणी झाली की थांब्यावर येऊन सांगायचास, सोनं आहे. मी त्या सोन्यावर विसंबून राहिले. अशी गाढव बहीण दुसऱ्या कुठल्या घरात सापडायची नाही, आणि असा भाऊही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवीला फेस येत होता का?" येत होता. दोन वर्षं येत होता. मला वाटायचं, धुण्याच्या पावडरीचा असेल. दिवसभर हात त्यातच, मोरीतही तीच सांडलेली. फेस दिसला की मी बादलीभर पाणी ओतून मोकळी व्हायचे.

"दुखण्याच्या गोळ्या घेता?" घेते. बावीस वर्षं इस्त्री ओढून खांदा गेलाय, सकाळी एक, संध्याकाळी एक. कधी तीन. त्यांनी डोक्याला हात लावला. प्रोटीन जायला लागल्यावर या गोळ्या किडनीला विषासारख्या, असं म्हणाल्या. तीन वर्षांत किती झाल्या, तूच कर हिशेब, गिअर टाकता टाकता. त्यातली एकेक गोळी मी तो कागद खिशात असलेल्या भावाच्या भरवशावर गिळली.

"आणि पाणी?" इस्त्रीसमोर घाम गळतो, पण दुकानात संडास नाही, थांब्यामागच्या सार्वजनिकमध्ये जायचं तर दुकान उघडं टाकावं लागतं. म्हणून मी पाणी कमी प्यायचे. त्या नुसत्या लिहीत राहिल्या.

गेलं ते परत येत नाही, म्हणाल्या. जे एक्केचाळीस आहे ते राखायचं. मीठ कमी, दाब आटोक्यात, गोळ्या बंद, साखर सीमेच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. "तीन वर्षांपूर्वी आला असतात तर," एवढंच बोलल्या आणि थांबल्या. पुढचं मला पाठ आहे.

तुलाही पाठ आहे. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर कोण न्यायचं? तूच. सकाळची पाळी बदलून घ्यायचास. तिच्या हातातली ती जाड शीर धडधडायची, ती तू बोटाने बघायचास आणि म्हणायचास, "चालू आहे इंजिन." शेवटी तिला पेलाभर पाणीसुद्धा मोजून द्यायचे. ती बर्फाचा तुकडा चोखत बसायची. हे सगळं तू पाहिलंस, आणि मग माझ्या नशिबी तेच लिहिलेला कागद हातात आल्यावर चार घड्या घालून खिशात टाकलास. लॅबवाल्यांचं चुकलं असेल, म्हणे!

परक्याने केलं असतं तर मी एवढी पेटले नसते. तू केसाने गळा कापलास माझा.

आता पुढचं. तुझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आगारप्रमुखांच्या नावाने एक पाकीट मी लिहून ठेवलंय. त्यात हा कागद, माझा परवाचा रिपोर्ट, आणि अकरा वर्षांची हकिगत, एका पानात. अजून चिकटवलेलं नाही. रोज दुकान उघडलं की मी ते गल्ल्यातून काढते, बघते, परत ठेवते. त्या बघण्यात मला बरं वाटतं. तुझ्यापासून काय लपवायचं? तू लपवलंस तेवढं पुरे.

इस्त्रीवाली

१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. साडेचार ओळी. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस, तेही चुका करून.

तू लिहितोस: "मला वाटलं, तुला सांगितलं तर तू तपासायला जाशील, डॉक्टर विचारतील पहिला रिपोर्ट कुठला, आणि सगळं बाहेर येईल. मग वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. मग फार उशीर झाला. मला चाकावरून उतरवतील गं ठमे."

ठमे म्हणायचं नाही. तो हक्क गेला.

आणि उशीर झाला? कुणाला? तू रोज सकाळी स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करत होतास, मी रोज सकाळी दुखण्याची गोळी घेत होते.

चाकावरून उतरवतील! अकरा वर्षं एकच धोशा. त्या मिशीवाल्या ड्रायव्हरला साखर निघाली आणि त्याला बसा धुवायच्या अंगणात पाठवला, हातात पाइप दिला, हे तू मला शंभरदा सांगितलंयस. तेव्हा मला तुझी दया यायची. म्हणून तर बाटली दिली. पहिल्या वर्षी बाटली देताना मी काय म्हणाले होते, आठवतं? "मी गरोदर असते तर आगारात तूच पहिला गरोदर ड्रायव्हर झाला असतास." किती हसलो होतो आपण. त्या हसण्याची आज मला शिसारी येते.

खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की चोवीस तारखेला तपासणी आहे आणि कंडक्टरची बदली झाली. म्हणजे आता बाटली नाही. वहिनीकडे मागितलीस, तिने हातातलं लाटणं दाखवलं. तिनेच सांगितलं मला. तुझ्या पत्राचं खरं पोट हेच आहे ना? माफी वर, बाटली खाली.

मी दोन दिवस विचार केला. सूड घ्यायचा तर यापेक्षा सोपं काय होतं? गप्प बसायचं. तू चोवीसला हात हलवत आगारात जाशील आणि तोंडावर पडशील. मला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही.

पण मग एक गोष्ट डोक्यात आली आणि तेव्हापासून ती मला स्वस्थ बसू देत नाही. दादा, अकरा वर्षांत तुझी लघवी कुणीच तपासलेली नाही. एकदाही नाही. आठ वर्षं माझी तपासली, तीन वर्षं कंडक्टरची. आई मशीनवर गेली, मी त्या वाटेवर आहे, आणि तू? तू गाडीत खारे शेंगदाणे खात बसतोस, उतरावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीस, कंबरेसाठी गोळ्या घेतोस. कंबर आता खरंच दुखते, वहिनी सांगत होती. तिने शेजारणीकडून दाब मोजायचं यंत्र आणलं तर तू ते आपटलंस.

म्हणून सौदा करू. मला तुझ्याशी सौदाच करायचा आहे, नातं नाही.

माझ्या शेजारी कुलूपवाला आहे. चाळिशीचा, घोड्यासारखा धडधाकट, रोज सकाळी तळ्याला दोन चकरा मारतो. त्याची बाटली मी तुला देते. बदल्यात तू तुझी दे. तुझी स्वतःची, सकाळची पहिली. ती मी इथल्या लॅबमध्ये तपासून घेईन, माझ्या ओळखीत, दुसऱ्याच नावाने. रिपोर्ट मला हवा. तो वाचून मी काय करायचं ते मी ठरवीन.

कबूल असेल तर चोवीसला सकाळच्या पहिल्या बसने वहिनीला पाठव. कबूल नसेल तर पाकीट चिकटवायला डिंक आहे माझ्याकडे.

इस्त्रीवाली

२० फेब्रुवारी

दादा,

"कबूल" एवढंच लिहिलंस, बरं केलंस.

सूचना देते, कारण तू अकरा वर्षं बाटली नेलीस पण भरायची कशी हे तुला माहीत नाही. लॅबची बाटली सोबत पाठवतेय. जुनी औषधाची वापरू नकोस. सकाळी उठल्याबरोबरची पहिली, थोडी सोडून मग बाटलीत. पूर्ण भर, कंजूषपणा नको. आदल्या दिवशी जड सामान उचलू नकोस. पाणी ओतून पातळ करायचं सुचेल तुला, तुझं डोकं मला ठाऊक आहे. तसं केलंस तर लॅबमध्ये कळतं, आणि मलाही कळेल.

आणि वहिनीची बाटली भरून पाठवशील तर ती मला सांगेल. ती आता माझ्या बाजूला आहे.

इस्त्रीवाली

२६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र वहिनी तुझ्या हातात देईल आणि समोर बसून राहील. तू ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती जेवायला वाढणार नाही, असं आमचं ठरलंय. तेव्हा वाच.

तपासणी छान झाली ना? वहिनी म्हणाली, घरी शीळ घालत आलास. "कुलूपवाला जिंदाबाद," म्हणालास.

कुलूपवाल्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्याकडे मी कधी बाटली मागितलीच नाही. परक्या पुरुषाकडे बाटली मागायला जाईन, एवढी लाज मी सोडलेली नाही.

चोवीसला सकाळी वहिनी तुझी बाटली घेऊन आली. मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला आणि दुसरी रिकामी बाटली काढली. वहिनी म्हणाली, "हे काय करताय?" मी सांगितलं. तिने दाराची कडी नीट लागलीय ना ते पाहिलं. मी अर्धी ओतली आणि थांबले, तर म्हणते, "अजून थोडी ओता. आगारात कमी पडायला नको."

अर्धी लॅबमध्ये गेली. अर्धी वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून, तुझ्या कोटाच्या खिशातून आगारात गेली. दादा, तू तुझीच लघवी घेऊन गेलास. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

बस खाली. आणि ओरडू नकोस, वहिनी समोर आहे.

हा माझा सूड आहे. पाकीट पाठवून तुला बदनाम करायचं माझ्या मनात होतं, फार होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याने काय झालं असतं? तू म्हणाला असतास, बहिणीने घर फोडलं. सगळ्यांनी तुलाच बिचारा म्हटलं असतं. मला तू बिचारा व्हायला नको होतास. जो कागद तू माझ्यापासून लपवलास तो तुझ्या हातात यायला हवा होता, तुझ्या नावाचा आणि तुझाच, आणि या वेळी घड्या घालून ठेवायला खिसा मिळायला नको होता.

तर हे घे. इथल्या लॅबचा रिपोर्ट सोबत आहे. लघवीतल्या प्रोटीनचा आकडा तीसच्या आत हवा, तुझा दोनशे दहा आहे. आगाराच्या कागदावर एक प्लस लिहून येईल. माझा तीन प्लस होता. हसू नकोस, रडूही नकोस, पुढे वाच.

काल मी तुझ्या आगारात गेले होते. हो, गेले होते. दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून. आगाराच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात बाकावर तासभर बसले. पाकीट पिशवीत होतं. आत गेल्यावर तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, माझे एक नातेवाईक ड्रायव्हर आहेत, साखर सीमेवर आहे, त्यांना चाकावरून उतरवतील का?

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "सीमेवरच्या साखरेसाठी? अहो, मग आगार अर्धं रिकामं होईल! कुणी सांगितलं हे तुम्हाला?" मी त्या मिशीवाल्याचं सांगितलं. तर म्हणाल्या, "त्यांना नुसती साखर निघाली म्हणून नाही उतरवलं. त्यांच्या डोळ्याचा पडदा खराब झाला होता, समोरचा सिग्नल दिसत नव्हता. साखर सीमेवर असलेले कितीतरी जण गाडी चालवतात. दर वर्षी लघवी, आणि साखर असल्याचं सांगितलं तर रक्त आणि दाबही तपासायचा, दुखण्याच्या गोळ्यांपासून लांब राहायचं, आम्ही त्यांना बघतोच. तेवढ्यासाठीच तर बाटली मागतो."

ऐकलंस? तेवढ्यासाठीच तर बाटली मागतो. तुला पकडायला नाही, तुला वाचवायला मागत होते. असा नियमच नव्हता, दादा. अकरा वर्षं तू ज्याला घाबरलास तो नियम कधी नव्हताच. कुणाला तरी एकदा विचारलं असतंस, एकदाच, तर आज माझे एक्केचाळीस नसते.

मी बाहेर आले आणि त्या अंगणात उभी राहिले, जिथे बसा धुतात. एक माणूस पाइप घेऊन काचा धूत होता. मिशीवालाच असेल, मिशी पांढरी झालीय. मला म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, भिजाल." मी तिथे रडले. इतकी की तो पाइप बंद करून आला आणि विचारायला लागला, कोण वारलं.

आता कामाचं. तुझा आकडा दोनशे दहा म्हणजे गळती सुरू झालीय, पण गाळणं अजून ठीक असेल. एकदा तपासून निकाल लावत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात. बाईंनी सांगितलं, या टप्प्यावर सापडलं तर बरंच काही थांबवता येतं. दाबाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या किडनीलाही सांभाळतात. मीठ कमी, शेंगदाणे असतील तर खारे नको, रोज चालणं, वजन उतरवणं, पाणी पिणं. थांब्यावर लघवीला उतरलास तर कुणी तुला चाकावरून उतरवत नाही. थोडक्यात, तीन वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी होते, त्याच्याही अलीकडे तू आज आहेस. माझ्या वाट्याला जी वेळ आली नाही, ती मी तुला देते आहे. प्रेमाने देत नाही, हे लक्षात ठेव. ती फुकट घालवलीस तर मात्र मी तुला माफ करणार नाही, आणि आत्ताही केलेलं नाहीच.

सोमवारी आगारातून तुला बोलावणं येईल, एक प्लससाठी. जायचं. आणि बाईंना स्वतःच्या तोंडाने सांगायचं की अकरा वर्षं बाटली कुणाची होती. त्या काय करायचं ते करतील. कदाचित दंड होईल, कदाचित चौदा महिने अंगणात पाइप धरावा लागेल. धर. मी माझ्या दुकानात दुखरा खांदा घेऊन गोळीशिवाय उभी आहे, तू पाइप धरायला हरकत नाही.

नाही गेलास, तर मंगळवारी पाकीट टपालात पडेल. डिंक लावून ठेवलाय, फक्त दाबायचं बाकी आहे.

आणि गेलास, आणि तुला परत गाडी मिळाली, तर आपला जुना मार्ग मागून घे. खड्डे अजून आहेत, पण बस येते. दर तीन महिन्यांनी तुझा रिपोर्ट मला दाखवायचा. फोनवर वाचून दाखवायचा नाही, वहिनीकरवी पाठवायचा नाही. आठ वर्षं मी दुकानातून उठून तुझ्या खिडकीपाशी येत होते. आता तू गाडी थांब्यावर उभी करायची, इंजिन बंद करायचं, प्रवासी ओरडले तर ओरडू द्यायचे, खाली उतरायचं, आणि रस्ता ओलांडून इस्त्रीच्या टेबलावर माझ्यासमोर तो कागद उघडून ठेवायचा. माझाही तिथेच असेल. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

सोनं आहे म्हणायचं नाही. आकडा सांगायचा.

ठमी